ठिपकीला काय हवं

४ फेब्रुवारी, रविवार

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याच्या ऑपरेशनचं एकदाचं ठरलं हे वाचून बरं वाटलं, काळजीही वाटली. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. आमच्याकडे सगळं ठीक. हे बरे आहेत. मी बरी आहे. पाठ दुखते, पण ती आता घरचीच झाली, तिची चौकशी करू नका.

बातमी एकच आहे. तुमच्या भावाने घरात सवत आणली आहे.

घाबरू नका, चार पायांची आहे. पांढरी, एका डोळ्यावर तपकिरी डाग, म्हणून नाव ठिपकी. नाव संस्थेनेच ठेवलेलं. कानाने अधू माणसांना मदत करायला कुत्री शिकवतात ना, ती संस्था. घंटा वाजली की या बाईसाहेबांनी यांच्याकडे जायचं, गुडघ्याला नाक लावायचं आणि जिथून आवाज आला तिथे यांना घेऊन जायचं. दोन महिने आमच्याकडे ठेवणार. तेवढ्यात शिकली तर कायमची आमची, नाही तर परत नेऊन रांगेतल्या पुढच्या माणसाला देणार.

यांच्या कानांचं तुम्हाला माहीतच आहे. इतकी वर्षं करवतीच्या मशीनजवळ उभं राहून डावा केव्हाच गेला, उजव्याचंही आता काही खरं नाही. कानातल्या यंत्राचा यापुढे फारसा उपयोग नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. पण त्यावाचून आमचं काही अडलं होतं का? फाटकावरची घंटा वाजली की मी अंगणापलीकडच्या यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन यांच्या खांद्याला हात लावायचा. किटलीची शिट्टी वाजली की मी पळायचं. फोन मी घ्यायचा. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मी समोर उभी राहून, तोंड सावकाश हलवून परत सांगायचं. यांचे कान म्हणजे मीच होते की! आणि मला कोणी शिकवायलाही लागलं नव्हतं.

मग तो लाकडाचा ट्रक. मी नेमकी बाजारात गेलेली. अंगणात ट्रक मागे येतोय, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि हे पाठ करून फळ्या मोजतायत. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून मी आज हे पत्र लिहितेय. पुढच्याच आठवड्यात मला न सांगता संस्थेत जाऊन आले. मला म्हणाले, "आता तुला माझ्यामागे धावायला नको. ताईचं ऑपरेशन झालं की महिनाभर जाऊन राहा तिच्याकडे. सुटलीस तू."

सुटलीस! वन्सं, मी अडकले होते असं यांना कोणी सांगितलं?

बरं, ते जाऊ दे. ठिपकीला शिकवायला दर मंगळवारी एक बाई येतात. वयाने लहान आहेत, कमरेला पिशवी, पिशवीत खाऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी यांना समोर बसवून धडा दिला. काम झालं की बक्षीस लगेच द्यायचं, त्याच क्षणी. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते तिला कळत नाही. सोप्या कामाला साधं बक्षीस, अवघड कामाला भारी. तुकडा वाटाण्याएवढाच, म्हणजे पोट भरत नाही आणि गोडी राहते. आणि खाऊ देताना तोंडभर कौतुक करायचं, आवाज हसरा ठेवून. "आणि बक्षीस कोणतं ते आपण ठरवायचं नाही, काका," त्या म्हणाल्या. "आपल्याला वाटेल की हिला बिस्कीट आवडत असेल. पण हिला काय हवं ते हीच सांगणार. आपण फक्त नीट बघायचं."

हे मान हलवत होते. मी चहाचे कप उचलत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तर तुमच्या भावाने लेथवर सहा लाकडी वाट्या कातल्या होत्या. घासून गुळगुळीत, फळीवर ओळीने बसवलेल्या. एकीत बिस्कीट, एकीत चीज, एकीत उकडलेलं अंडं, गाजर, सुकी मासळी, आणि शेवटच्या वाटीत कलेजी. कलेजी कशात उकडली? माझ्या दुधाच्या पातेल्यात! मग ठिपकीला सोडायचं, ती आधी कुठे जाते ते बघायचं, वाट्यांची जागा बदलायची, परत सोडायचं. कलेजी पहिली, चीज दुसरं, गाजर तिने नाकाने ढकलून दिलं. यांना कोण आनंद! मला हाताला धरून दाखवायला नेलं.

मला चमचे ठेवायला एक साधा स्टँड करून देतो म्हणाले होते, त्याला तीन वर्षं झाली. आणि मला काय हवं ते बघायला यांनी कधी एक वाटी मांडली असेल तर शपथ!

आणि ते कौतुक. वन्सं, तुमच्या घरात कोणाला कोणाचं कौतुक करायची सवय नाही हे तुम्हीच मला लग्न झाल्यावर सांगितलं होतंत. मी ते धरून चालले. जेवण चांगलं झालं तर हे दुसऱ्यांदा वाढून घेतात, तेवढ्यावरून मी समजायचं. आणि आता हाच माणूस दिवसभर अंगणात ओरडतोय, "शाब्बास! किती गं गुणाची! वा, माझी राणी!" ऐकू येत नाही म्हणून आवाज तरी केवढा. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून हसून म्हणाल्या, "आज काय, फारच लाड चाललेत तुमचे!" म्हटलं, "माझे नाहीत हो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. लिहायची लाज वाटतेय, पण तुम्हाला नाही तर कोणाला लिहू.

बाकी ठिपकी माझ्याशी वाईट वागते असं नाही. मीही तिला काही करत नाही. तिला खायला तर मी काहीच देत नाही, ते खातं यांचं. उद्या कोणी काही म्हणालं तर असावं म्हणून सांगून ठेवते.

गुडघ्याला शेक घेत जा. जिना चढू नका.

तुमची,
एका पायरीने खाली सरकलेली
भावजय

३ मार्च, रविवार

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर वाचलं. "मुक्या जनावराचा मत्सर करतेस, लाज नाही वाटत?" असं तुम्ही लिहिलंत. वाटते ना. पण लाज वाटली म्हणून पोटात दुखायचं थांबतं का? आणि मुकी म्हणाल तर ती मुकी मुळीच नाही. हे कारखान्यातून आले की अशी काही कुंई कुंई करते, लाडात येऊन अशी काही आडवी पडते, की बघवत नाही. मी दार उघडलं तर शेपूट दोनदा हलवते. हिशेबाला तेवढं पुरे.

तुम्ही विचारलंत, शिकतेय का. नाही. पहिले पंधरा दिवस भराभर शिकली. घंटा वाजली की धावत यांच्याकडे, गुडघ्याला नाक, कलेजीचा तुकडा, शाब्बास. आता घंटा वाजते आणि ती स्वयंपाकघरात माझ्या पायाशी पसरलेली असते. एक डोळा उघडते, परत मिटते. हे कलेजी घेऊन दारात उभे राहतात, ती वास घेते आणि तोंड फिरवते. चीज, मासळी, सगळं करून झालं. बाईंनी गेल्या मंगळवारी तिला उचलून बघितलं, म्हणाल्या, "वजन वाढलंय, काका. बाहेरून कुठे काही खातेय का? भरल्या पोटी कुठलंच बक्षीस बक्षीस राहत नाही." यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शेजारून काही टाकत असतील." शिंपीणबाई बिचारी, तिला कुत्र्याची भीती वाटते.

एखाद्या वेळी पावाचा तुकडा मी दिलाय. नाही म्हणत नाही. सुपात बुडवून. ती समोर येऊन बसते, बघत राहते, माणसाचं मन आहे. पण एवढ्याने काही होत नसेल.

आता तुम्हाला परवाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

संध्याकाळी हे हातपाय धुऊन आले आणि मला म्हणाले, "बस जरा." मी बसले. समोर खुर्ची ओढून बसले, अगदी गुडघ्याला गुडघा. मला वाटलं, पावाचं कळलं. तर म्हणाले, "चूक तिची नाही. माझीच आहे. मला माझा आवाज ऐकू येत नाही. मी म्हणतो शाब्बास, पण ते तिला रागावल्यासारखं लागत असेल. तू ऐक आणि सांग मला. प्रेमाने म्हणतोय असं वाटतं का?"

आणि वन्सं, तुमच्या भावाने माझ्याकडे बघून, सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "शाब्बास. किती गं गुणाची तू."

मला काय झालं कोण जाणे. मला ठाऊक होतं की हे मला नाही. मागे चुलीपाशी आडवी पडलीय तिच्यासाठी चाललीय ही तालीम. तरी कान गरम झाले माझे, या वयात!

मी म्हटलं, "कोरडं वाटतंय. परत म्हणा."

परत म्हणाले. थोडं हळू, थोडं हसून. फार छान म्हणाले, खरं सांगते.

मी म्हटलं, "छे. मनापासून नाही वाटत."

मग त्यांनी जीव ओतला. पुढे वाकले, माझा हात धरला. म्हणाले, "तू आहेस म्हणून माझं चालतं. खूप हुशार आहेस तू. माझी राणी ती." मी आपली मान हलवतेय, अजून थोडं, आवाज खाली आणा, आता वर न्या. गाण्याच्या मास्तरणीसारखी! शेवटी त्यांनाच दम लागला. विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता बरं आहे."

"मग तिच्यावर करून बघतो," असं म्हणून उठले आणि कलेजीची वाटी आणायला कारखान्यात गेले. खुर्ची तशीच ठेवून.

मी त्या खुर्चीकडे बघत बसले. मला तिचा इतका राग आला, इतका, की मी फडकं काढून तिच्याकडे फेकलंच. कपबशा पुसायचं जुनं फडकं. आणि काय झालं सांगू? ती अशी उठली जसं तिला कोणी विजेचा धक्का दिला. फडकं तोंडात धरून माझ्याकडे आली, दुसरं टोक माझ्या हातात कोंबलं, आणि ओढायला लागली. मी ओढते, ती ओढते, पाय टेकवून, गुरगुरत, शेपूट गरागरा. पोट टम्म भरलेलं असताना! कलेजीसाठी हिने कधी असं केलं नाही. मी फडकं सोडलं तर पळाली नाही, परत आणून माझ्या हातात दिलं. तेवढ्यात यांचं पाऊल वाजलं. मी फडकं झटकन दोरीवर टाकलं.

तेव्हा वन्सं, ठिपकीला काय हवं ते आता मला ठाऊक आहे. बाईंना ठाऊक नाही. तुमच्या भावालाही नाही.

१९ तारखेला मंगळवारी परीक्षा आहे. संस्थेतलं मोठं माणूस येणार. आज ती जशी आहे तशी राहिली तर त्याच दिवशी गाडीत घालून नेतील. हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मीही काही बोलले नाही. बोलले तर ती राहणार, आणि मग घंटा तिची, किटली तिची, फाटक तिचं. आणि मी तुमच्याकडे, महिनाभर, सुटलेली.

तुम्ही मला वाईट म्हणाल. म्हणा. तुम्ही म्हटलेलं मला चालतं.

तुमची,
तोंड मिटून बसलेली
भावजय

३१ मार्च, रविवार

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ लिहिलीत, "सांगून टाक, नाहीतर मी येऊन सांगेन." त्या गुडघ्यावर तुम्ही कुठल्या यायला! पण कार्ड यायच्या आधीच मी सांगून मोकळी झाले होते. श्रेय तुमचं नाही, उगाच घेऊ नका.

आधी जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. एखाद्या वेळी पावाचा तुकडा वगैरे खोटं होतं. मी तिला रोज घालत होते. शिकवणीच्या आधी, मुद्दाम, भांडंभर. कोंबडी उकडलेल्या पाण्यात पाव कुस्करून, वर अंडं. बाईंनी सांगितलं ना, पोट भरलं की बक्षिसाची गोडी जाते. मी ते यांच्यापेक्षा नीट ऐकलं होतं. पहिल्या दिवशी नुसती जिरवायची म्हणून घातलं. पण मग ती कारखाना सोडून माझ्याकडे यायला लागली, आणि मला ते आवडायला लागलं. घंटा वाजायची, हे वाट बघत उभे, आणि ती माझ्या पायाशी. मनात म्हणायचे, बघा, तुमची राणी कुठे आहे ती. असली मी दुष्ट झाले होते. आणि दुष्टपणात मजा येत होती, हेही लिहून टाकते.

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी यांनी सकाळीच तिचा पट्टा पुसला, वाटी धुतली, चादर घडी करून पिशवीत घातली. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "आज बाई आल्या की त्यांच्याबरोबर देऊन टाकतो. परीक्षेपर्यंत कशाला थांबायचं. तिकडे रांगेत कोणीतरी आहे, त्याच्याकडे तरी शिकेल." मी म्हटलं, "असं कसं?" तर पट्ट्याची कडी घासत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कौतुक करता येत नाही. इतक्या वर्षांत तुझं एकदा करता आलं नाही मला. तिचं कुठून येणार?"

तुम्हाला वाटेल माझा राग पळाला. छे! भडका उडाला. म्हणजे यांना ठाऊक होतं! इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि सांगितलं कधी, तर कुत्री परत द्यायच्या वेळी! आणि रागाबरोबर रडूही आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे आवाज काही धड निघेना. मी पुटपुटले, "तुमचा दोष नाही. मी खायला घालत होते."

"काय?" म्हणाले.

"खायला घालत होते मी."

"काय घातलंस? मोठ्याने बोल, माझ्याकडे बघून."

वन्सं, बहिऱ्या नवऱ्यापुढे गुन्हा कबूल करायची वेळ शत्रूवर येऊ नये. कुजबुजून भागत नाही. मी शेवटी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "मी घालत होते! रोज! मुद्दाम! मला तिचा हेवा वाटतो म्हणून!"

तेवढ्यात जिन्याच्या कठड्याचं माप घेऊन आलेल्या एक गिऱ्हाईक बाई दारात उभ्या. फाटक उघडंच होतं, घंटा वाजवली नसावी, किंवा वाजवली असेल तर ऐकणार कोण. त्या माझ्याकडे बघतायत, मग यांच्याकडे, मग आत कोण दुसरी बाई आहे का ते मान उंच करून बघतायत. मी पदराने, म्हणजे हाताला लागेल त्याने, तोंड पुसलं. हाताला लागलं ते नेमकं ते फडकं.

ठिपकीने ते बघितलं मात्र, झेपावलीच. त्या बाई किंचाळल्या.

मी फडक्याचं टोक यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे हवंय हिला. कलेजी नाही. ओढा." यांना आधी कळेना. ठिपकीनेच कळवलं. पुढचे पाय टेकवून अशी ओढ घेतली की हे खुर्चीवरून पुढे आले. आणि हसले. मोठ्याने. तुमचा भाऊ असा हसलेला मी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलंय, मी रडतेय, आणि हे दोघं फडकं ओढतायत.

माझ्यावर रागावले की नाही, हे तुम्ही विचारणारच. रागावले. दिवसभर बोलले नाहीत. जेवताना एकदम म्हणाले, "अंडंसुद्धा घालायचीस?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मला आठवड्यातून एकदा देतेस." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

बाईंना सगळं सांगितलं, माझ्याच तोंडाने. मान खाली घालून. त्यांनी फडक्याचा खेळ बघितला आणि टाळीच वाजवली. म्हणाल्या, "काही कुत्र्यांना खाण्यापेक्षा खेळ मोठा असतो, काकू. पण असं जुनं फडकं आपल्याला सुचलंच नसतं. आणि एकटीला दिलंत तर ती ढुंकून बघणार नाही. दुसरं टोक कोणीतरी धरलेलं हवं, तेच बक्षीस." मग शिकवणी नव्याने सुरू. घंटा वाजली, धावली, नाक लावलं, की यांनी त्याच क्षणी खिशातून फडकं काढायचं. कौतुक आहेच. आठवड्याभरात माझ्या सगळ्या फडक्यांच्या चिंध्या झाल्या. परीक्षेला ती घंटेलाही धावली, किटलीलाही. संस्थेच्या गृहस्थांनी कागदावर सही केली. ठिपकी आमची झाली.

यांनी त्या दिवशी तिला उचलून मुका घेतला. माझ्या पोटात दुखलं. ते दुखणं गेलेलं नाही हो, तुमच्यापाशी कशाला लपवू. पाठीसारखं तेही घरचंच होणार बहुतेक. फडकं मी शोधलं, आणि मुका तिला!

जाता जाता बाई म्हणाल्या, "आता पुढचं काम तुमचं, काकू. हिला तुमची हाक शिकवायची. तुम्ही घरातून हाक मारायची, ती काकांना घेऊन येईल." मी म्हटलं, "मी हाक मारत नाही. जाऊन खांद्याला हात लावते." त्या म्हणाल्या, "म्हणजे कधीच नाही?" कधीच नाही. ऐकायला कोणी नव्हतं तर हाक मारून काय करू? केव्हा बंद झाली तेही कळलं नाही. मागे कधीतरी एकदा मारली असेल, उत्तर आलं नसेल, आणि मी उठून गेले असेन.

पहिल्यांदा तर मला लाजच वाटली. स्वयंपाकघरात उभं राहून रिकाम्या दाराकडे बघून "अहो" म्हणायचं! आवाज फुटेना. बाईंनी ठिपकीला पट्ट्याने धरून वाट दाखवायची, हे अंगणात फडकं घेऊन तयार, आणि मी आपली घसा खाकरतेय. मग जमलं. रोज थोडं थोडं करत गेलो. आज दुपारी पहिल्यांदाच तिला कोणी धरलेलं नव्हतं. हे कारखान्यात, मशीन बंद. मी कढई घासत होते. हात थांबवले आणि हाक मारली, "अहो!"

काहीच नाही. मला वाटलं, झालं. परत मारायलाही धजेना.

मग अंगणातून नखांचा आवाज आला, टकटक टकटक, आणि त्याच्या मागून चपलांचा. दारात आधी ती आली आणि तिच्या मागे हे. केसांत भुसा, हातात कानस. वन्सं, मी हाक मारली आणि हे आले.

आधी तिच्याशी फडकं ओढलं. तिचं कौतुक केलं. मी जळत उभी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं? का बोलावलंस?"

सांगायला काहीच नव्हतं. हाताला साबण लागलेला, डोळे पुसताही येईनात. म्हटलं, "काही नाही. जा." हे गेले. अंगण ओलांडून कारखान्याच्या दारापर्यंत पोचू दिलं, आणि परत हाक मारली.

तुमच्या ऑपरेशनला मी येते. तिकीट काढलं. पण महिनाभर राहा असा आग्रह धरू नका, पंधरा दिवसांच्या वर माझा पाय तिथे ठरायचा नाही. हे म्हणतात खुशाल राहा, इथे आता काही अडत नाही. अडत नसेल यांचं. माझं अडतं.

तुमची,
दुपारपासून हाका मारमारून घसा बसलेली
भावजय